मथुरेचं बसणं

खोडाच्या फळ्या निघतील, फळ्यांच्या आंब्याच्या पेट्या होतील, आणि पेट्यांचा हंगाम तर तोंडावर आलेला. जाड फांद्या बेकरीच्या भट्टीला. मधल्या फांद्या लग्नसराईतल्या चुलवणांना. राहिलेली काटकी आणि वाळक्या पानांचा पातेरा मोहल्ल्यातल्या गरीब बायांना फुकट, म्हणजे वर थोडं पुण्यही. मन्सूर वखारवाला मान मागे टाकून त्या रायवळ आंब्याकडे बघत उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे झाड केव्हाच कापून, रचून, गाडीत भरून झालं होतं.

"नुसते बघताय काय, भाईजान?" खालून मासूमाने हाक मारली. "पावसाआधी तुम्ही त्याला आणला नाहीत खाली, तर तो आपला आपण येणार. आणि सरळ माझ्या चुलीवर."

सगळी गोम तिथेच होती. आंबा उभा होता दरडीवर आणि घर होतं दरडीखाली. गेल्या पावसात दरडीची माती वाहून गेली, मुळं उघडी पडली, आणि तेव्हापासून तो महाकाय म्हातारा घरावर ओणवून काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसत होता. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा, वर पार आभाळापर्यंत पसारा, आणि त्या पसाऱ्याखाली मासूमाचं कौलारू घर. काडेपेटी ठेवावी तसं.

मासूमा ही मन्सूरच्या मावसभावाची, हारुनची, बायको. हारुन कुवेतला. घरात मासूमा आणि तिची सासू कनीजबी, म्हणजे मन्सूरची सख्खी खाला, मावशी. मन्सूरने बोलणं मोठ्या हुशारीने करून ठेवलं होतं: झाड पाडायची खटपट त्याची, लाकूड त्याचं, आणि घराला काही झालंच तर ते नशिबाचं. नशिबाच्या खात्यावर बऱ्याच गोष्टी टाकायची त्याला सवय होती.

"पण पाडणार धाकू," मासूमा म्हणाली. "दुसरा कोणी नको. आणि मथुरा बसणार असेल तरच."

"बसेल गो. बसायला काय लागतं?"

हा तिथला जुना रिवाज. घरावर कललेलं झाड पाडायचं, तर पाडणाऱ्याच्या घरचं माणूस त्या घरात जाऊन बसे, झाड आडवं होईपर्यंत. घरची माणसं बाहेर, पाडणाऱ्याचं माणूस आत. सही नाही, अंगठा नाही. तुमच्या कौलांखाली माझं माणूस आहे, आता मी कुऱ्हाड कशी चालवीन ते तुम्हीच समजा, एवढीच त्यातली बोली. धाकूचा बाप आपल्या आईला बसवायचा. धाकूने लग्न झाल्यापासून मथुरेला बसवलं. ती परक्या घरांत बसली. कुणाचे तांदूळ निवडून दिले, कुणाचे काजू सोलून दिले, एका मास्तरांच्या घरी तर भिंतीला टेकून चक्क डुलकी काढली. इतर बायका कामाला जात, मथुरा बसायला जाई. तिच्या जावा यावरून तिला टोमणे मारत, आणि मन्सूरलाही मनातून वाटे की, इतका आरामाचा धंदा उभ्या तालुक्यात दुसरा नसेल.

झाड पाडायच्या दिवशी धाकू उन्हं यायच्या आधीच आला. बारीक चणीचा, एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता. जन्मभर कुऱ्हाड वागवून माणूस असा एका बाजूला झिजतो. गोणपाटात गुंडाळलेली दोघांनी ओढायची लांब करवत, दोन कुऱ्हाडी, घण, ऐनाच्या लाकडाच्या पाचरी, कानस, रॉकेलची बाटली आणि काथ्याच्या दोराचं भलंमोठं वेटोळं. करवतीच्या दुसऱ्या मुठीला त्याचा जोडीदार सदू होता. दोर ओढायला आणखी चौघे. मागून मथुरा आली, कमरेला पानाची चंची खोचलेली, जणू हळदीकुंकवाला निघालेली.

अडचण एकच निघाली. कनीजबी घराबाहेर यायला तयार होईना. विहिरीवर पाय घसरून तिचा खुबा मोडला होता, तो बरा झालाच नाही. आतल्या खोलीत खाटेवर तिचा मुक्काम असे. जरा हलवलं तरी किंचाळायची.

"मथुरा बसते ना आत?" ती मन्सूरला म्हणाली. "मग मी पडलेली आहे ती बरी आहे. तिला होईल ते मला होईल."

धाकूने ते ऐकलं. तो दरड चढला. झाडाच्या बुंध्याला कान लावला, कुऱ्हाडीच्या माथ्याने इथे-तिथे ठोकून पाहिलं, आणि खाली मथुरेकडे बघितलं.

"मी बसतंय," मथुरा म्हणाली.

"बस," धाकू म्हणाला.

इतकंच. नवराबायकोत एवढंच बोलणं झालं आणि ती दाराच्या काळोखात वाकून गेली. मन्सूरने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो वखारीत लाकूड घेणारा माणूस. लाकूड झाड असतानाची त्याची ओळख थोडी. त्याला उगीचच वाटलं, की ह्या दोन शब्दांत आपल्या वखारीतल्या कुठल्याही सौद्यापेक्षा मोठा सौदा झाला आहे.

झाड कलाच्या उलट बाजूला पडणार नव्हतंच, तेवढी ताकद कुणाच्या दोरात नसते. त्याला आडव्या अंगाला, दरडीच्या कडेकडेने निजवायचं होतं. धाकू माकडासारखा वर चढला, दोन फांद्यांच्या उंच दुबेळक्यात दोर बांधून उतरला. दोराचं टोक लांबच्या एका फणसाला वळसा घालून चौघांच्या हातात दिलं. मग निजवायच्या अंगाला कुऱ्हाडीने खाच घेतली. ढलप्या पिवळ्याधमक उडत होत्या, ताटलीएवढ्या. नंतर मागच्या अंगाने करवत लागली.

"घराच्या विरुद्ध कडंला बिजागरी ठेवायची," धाकू मन्सूरला म्हणाला. वखारवाल्याला शिकवायची संधी त्याने सोडली नाही. "दाराला असती तशी. तेवढं लाकूड कापायचं नाय. त्या बिजागरीवर झाड फिरतं नि मी सांगन तितं जातं. बाकी सगळं दोर नि पाचरी बघून घेतात."

"आणि वारा?"

"खारा वारा दुपारी सुटतो. तवा आपन जेवत असू."

करवत गाऊ लागली. मन्सूर एका दगडावर बसला. ते दोघे वाकून, न बोलता, एकमेकांच्या श्वासावर ओढत होते. मध्येच धाकू थांबे, पातं रॉकेलने पुसे, एक पाचर मारी, पुन्हा धरी. भुसा पिठासारखा झरत होता. आणि वर, कुठेतरी फार वर, पानंसुद्धा हलत नव्हती. एवढं मोठं काहीतरी पायातून कापलं जात आहे आणि त्याला पत्ताच नाही, ह्या विचारात मन्सूर वर बघत राहिला. पेट्या त्याला दिसेनाशा झाल्या.

तेवढ्यात करवत खटकन किंचाळली.

धाकूने पातं बाहेर काढलं. दात उडाले होते. त्याने कापात बोट घालून चाचपलं.

"खिळा," तो म्हणाला. "भगताचा."

आजारी माणसाच्या अंगातलं काही उतरवून झाडाला खिळ्याने ठोकून टाकायचं, ही भगतांची रीत. झाड वाढतं, खिळे पोटात घेतं आणि गप्प राहतं. असे खिळे एकटे नसतात. दुसरा लागला, तिसरा लागला. कुऱ्हाडीने लाकूड कोरून ते काढता काढता आणि कानशीने करवतीचे दात उगाळता उगाळता ऊन डोक्यावर आलं. मग सदूने भुशाची मूठ भरून धाकूपुढे धरली. भुसा काळा होता, ओला होता.

धाकूने तो बोटांत चोळून पाहिला. बिजागरीच्या बाजूने झाड आतून कुजलेलं होतं. ज्या लाकडावर सगळं फिरायचं, तेच लाकूड नव्हतं.

आणि तेव्हाच पानं हलली. समुद्राकडून पहिली झुळूक आली, आंब्याच्या शेंड्याला लागली, आणि कापलेल्या बुंध्यातून एक बारीक आवाज निघाला, म्हाताऱ्याने कूस बदलताना निघावा तसा. आंबा घराकडे बोटभर सरकला. दोरवाले चौघे पाय रोवून मागे झुकले.

धाकूचा चेहरा मन्सूरने पाहिला, आणि त्याला कळलं की आपण हे पाहायला नको होतं.

"मन्सूरभाय," धाकू हळूच म्हणाला, "खाली जावा. तिला भायर काडा."

"कुणाला? मथुरेला?"

"व्हय."

"आणि खाला?"

"त्यांना उचलायला चार मानसं लागतील. चार मानसं दोराला हायत. दोर सोडला तर संपलंच." धाकू त्याच्याकडे बघत नव्हता. "आदी तिला तर काडा."

मन्सूर दरड उतरून धावला. अंगणापलीकडे मासूमा आणि शेजारणी उभ्या होत्या, त्यांना काही उमगलं नव्हतं. तो आत शिरला. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना. मग दिसलं की मथुरा खाटेच्या कडेला बसून कनीजबीच्या डोक्याला तेल लावते आहे.

"खिळे लागले काय रे?" कनीजबीने विचारलं.

मन्सूर तिच्याकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"मीच ठोकून घेतलेले. हारुन लहान होता, ताप उतरेना, तवा."

"अगो मग आधी सांगायचं!"

"माझी सासू घरात होती. भगताला आणला म्हणून तिला कशी सांगू?"

"सासू मरून जमाना झाला, खाला!"

"तरी सवय राहिली," कनीजबी म्हणाली.

मथुरा हसली. वर लाकूड पुन्हा कुरकुरलं, आढ्यावरून चिमूटभर धूळ तिच्या हातावर पडली. तिने ती फुंकरली.

"मथुरा, ऊठ," मन्सूर म्हणाला. "धाकूने बोलावलंय. भायर ये."

तिचा हात थांबला. इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, हे बोलावणं तिला कधी आलं नव्हतं. ती मन्सूरकडे टक लावून पाहत राहिली; रागाने नाही, वाट चुकलेल्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

"ह्यांचं काय म्हनाला?" तिने विचारलं.

मन्सूर खाटेच्या पायाकडे बघू लागला. 

"जा गो तू," कनीजबी म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. "माझं झालं जगून. तुझा नवरा बोलावतोय."

"तुमी का ऱ्हायलात हितं?" मथुरेने तिला विचारलं. "मी बसलं म्हनूनच ना?" मग मन्सूरला म्हणाली, "जावा वर. त्याला सांगा, मी बसलंय." आणि तिने वाटीत बोटं बुडवून पुन्हा तेल लावायला सुरुवात केली.

घाबरून न उठणारी माणसं मन्सूरने पाहिली होती. हट्टाने न उठणारी तर घरोघर. ही बाई यांतली नव्हती. ती आपल्या कामावर होती. इतका वेळ जिला तो आराम समजत होता ती गोष्ट त्या अंधाऱ्या खोलीत त्याच्यापुढे उघडी बसली होती, आणि तिच्याकडे बघताना, मोठ्या दर्ग्यात गेल्यावर व्हावं तसं त्याचं डोकं आपोआप खाली गेलं.

दरड चढताना त्याच्या मनात एक विचार येऊन गेला, नाही असं नाही. "आली भायर" असं सांगितलं तर? मग धाकू झाड जाऊ देईल, स्वतः बाजूला होईल, लाकूड तरीही माझंच. हा विचार किती सहज आला ह्याचीच त्याला भीती वाटली.

"येत नाय," तो धाकूला म्हणाला. "म्हणते, मी बसलंय."

धाकूने डोळे मिटले. मग उघडले. मन्सूरला पुढे कैकदा वाटलं, की तो निरोप ऐकून धाकू पुन्हा धाकू झाला.

"दोराला हात लावा," तो म्हणाला.

"मी?"

"मंग काय वखार लावील?"

मन्सूरने जन्मात दोर ओढला नव्हता. तो चौघांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि काथ्या धरला. तिथून त्याला धाकू दिसत होता. धाकू बुंध्याच्या घराकडच्या अंगाला गेला, कलाच्या बरोबर खाली, जिथे पाडणारा कधी उभा राहत नाही. झाड घसरलं असतं तर घराआधी त्याच्यावर आलं असतं. तिथे उभा राहून त्याने कापात पाचर लावली आणि घण उचलला. एक घाव. वरची पानं थरथरली. दुसरी पाचर पहिलीच्या पाठीवर. घाव. सदू पलीकडून कुऱ्हाडीने खाच खोल करत होता. वारा आता चांगलाच भरला होता, आणि वारा आणि धाकू ह्यांची रेटारेटी सबंध झाडातून दोरात, दोरातून मन्सूरच्या तळहातांत येत होती. साल निघालेल्या तळव्यांत त्याला झाडाचा जीव कळत होता.

"वढा!" धाकू ओरडला.

ते मागे झुकले. काही घडलं नाही. मग वाऱ्याने एक श्वास घेतला, क्षणभर पडला, आणि त्या क्षणात धाकूचा घण बसला.

झाडाचा शेंडा आभाळात फिरला. मन्सूरने तो फिरताना पाहिला: घरावरून सावकाश, एखाद्या थोर माणसाने वाटेतल्या लेकराच्या डोक्यावरून हात नेऊन दूर वळावं तसा. मोठा कडाड झाला, तो बराच वेळ होत राहिला. एक फांदी वळचणीजवळून गेली. मग जमीन हादरली, पाखरं उठली, धुळीचा डोंगर उभा राहिला, आणि जिथे आजवर आंबा होता तिथे एकदम इतकं आभाळ आलं की सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

 धूळ बसली तेव्हा झाड दरडीच्या कडेने आखल्यासारखं आडवं होतं. एक कौल हललं नव्हतं. धाकू बुंध्यावर बसला होता, घण मांडीवर.

थोड्या वेळाने मथुरा बाहेर आली. अंगणात मासूमाने तिला नारळ, तांदूळ आणि नवं लुगडं दिलं, रिवाजाप्रमाणे. शेजारणींनी तिला हात लावून पाहिलं. तिने वर दरडीकडे मात्र पाहिलं नाही. मागल्या दारी जाऊन हाताचं तेल राखेने घासून काढलं, आणि घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात लांज्याजवळच्या एका घरावरचा फणस मन्सूरने धाकूला सांगितला. धाकू वखारीच्या उंबऱ्याशीच उभा राहिला.

"घरावरचं झाड ह्यापुढं सांगू नका, मन्सूरभाय."

"का रे? सगळं गाव तुझं नाव घेतंय."

"गावाला काय ठावं?"

"मग झालं तर! मी कुणाला बोललो नाय, बोलणार नाय. खालाही बोलायची नाय. चाळीस वरसं खिळ्यांचं नाय बोलली ती."

"मथुरेला ठावं हाय ना."

"ती काय बोलली?"

"कायच नाय." धाकूने उंबऱ्यावरच्या ढलपीला पायाने उगीच सरळ केलं. "परवा मीच इचारलं, फनसाला बसशील का. म्हनाली, बसन. तिचं काय, ती बसंल. पन माजं मानूस आत हाय, आसं मी आता कुनाला कसं सांगू? ती म्हातारी आत व्हती नि मी माजंच मानूस भायर बोलावलं."

मन्सूरने त्याला समजावून पाहिलं. घाबरला होतास, कुणीही घाबरलं असतं; शेवटी निभावलंस ना. वखारीत बसून तो भल्याभल्यांना पटवायचा. धाकूला पटलं नाही. फणस दुसऱ्या कुणी पाडला. त्याने कुणाला बसवलं नाही, आणि घरच्यांनीही विचारलं नाही. पुढे ती रीतच गेली.

धाकू जळणाची फाटी तोडायला लागला. ज्यांच्याखाली कुणाचं घर नाही अशी झाडं. अशा कामाला जोडीदार परवडत नाही म्हणून सदूही सुटला.

शिमग्यानंतर आरे-वारेच्या वाटेवर एका बागवाल्याची सुरूची लागवड तोडायला निघाली, तेव्हा मन्सूर माल बघायला तिथे गेला. लांबूनच त्याला दिसलं: करवतीच्या एका टोकाला धाकू, दुसऱ्या टोकाला मथुरा. पदर खोचलेला, पाय वाळूत रोवलेले. ओढ अजून जुळली नव्हती, पातं मध्येच अडखळत होतं.

"आगो, ढकलू नको. निसती वढ. ढकलायचं काम माजं नाय नि तुजंबी नाय."

"मंग ढकलतं कोन?"

"कोनच नाय."

"आसं कसं?" म्हणत ती ओढत राहिली.

सुरू तो केवढा, मन्सूरच्या मांडीएवढा. धाकूने खांदा लावला, मथुरा बाजूला झाली, आणि ते झाड सुळकन वाळूवर निजलं. त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. पण मथुरा मूठ सोडून उभी राहिली होती, तोंडावर हात धरून, नजर त्या रिकाम्या झालेल्या आभाळात.

"आसं पडतं व्हय?" ती म्हणाली.

धाकूने तिच्याकडे पाहिलं. मन्सूरच्याही तेव्हाच ध्यानात आलं: इतकी झाडं डोक्यावरून गेली, पण ही बाई प्रत्येक वेळी घरात होती. झाड पडताना तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"मोटं आसलं तर जास्ती बरं दिसतं," धाकू खालच्या आवाजात म्हणाला.

 मथुरेने करवतीची मूठ पुसली आणि ओंडके पाडायला वाकली. मन्सूर माल न बघताच मागे फिरला.

त्या आंब्याचा हिशेब असा निघाला: फळ्या मन्सूरच्या, छप्पर मासूमाचं, खाट कनीजबीची, आणि पातेऱ्यावर मोहल्ल्यातल्या बायांचे हंडे तापले. देणं चुकतं केलं धाकूने, घरावरची झाडं सोडून, कुणी मागितलं नसताना. आणि त्यातलं अर्धं मथुरेने, करवतीच्या दुसऱ्या टोकाला.